चौथी पिन

मास्तरांनी हात उंच करून तीन पिना दाखवल्या. प्रत्येकीला लाल फीत. काचेआडून वैमानिकाने अंगठा वर केला आणि औषधांची खोकी, तंबू असं सामान भरलेलं विमान जागेवरून हललं.

उभ्या विमानाचे पाय चुकून मिटू नयेत म्हणून चाकांच्या दांड्यांत अशा पिना घालतात. उड्डाणाआधी त्या काढायच्या आणि वैमानिकाला दाखवायच्या. लष्कराच्या जुन्या मालवाहू विमानाला तीन पिना असत. मास्तरांनी बावीस वर्षं तीनच दाखवल्या आणि तळावरच्या निम्म्या मेकॅनिकांना तेच शिकवलं. म्हणून तर सगळे त्यांना मास्तर म्हणत. ती विमानं गेल्याच महिन्यात मोडीत निघाली होती.

पिना ठेवायला त्यांनी नव्या विमानाबरोबर आलेली पिशवी उघडली. आत चार कप्पे. तीन भरले. एक रिकामाच राहिला.

त्यांनी पिना पुन्हा मोजल्या. तीनच.

"मास्तर, चेहरा का पडला?" त्यांच्या जोडीदाराने, जाड्याने विचारलं.

"या नव्या विमानाच्या पुढच्या पायात दोन पिना आहेत रे. एक राहिली आत!"

जाड्याने इकडेतिकडे पाहिलं. "गप्प बसा. पाय मिटला नाही की येतील वळून. बिघाड झाला म्हणू. परवाच मुख्य अभियंता बाईंनी बजावलंय ना, आता एक जरी चूक झाली तर तुमची रवानगी गोदामात."

"एवढं वजन घेऊन, पाय लोंबकळत ठेवून, समोरच्या डोंगरावरून जाणार कसे? वळायला तरी जागा आहे का?"

भिंतीवरचा फोन चाळीस पावलांवर होता. मास्तर धावले. विमान धावपट्टीच्या टोकाशी वळत होतं.

"विमान थांबवा!"

"कोण बोलतंय? कारण सांगा," नियंत्रण मनोऱ्यातून शांत आवाज आला.

बाहेर इंजिनांचा आवाज चढू लागला. जाड्या लांबून मानेनेच 'नको, नको' करत होता.

"मास्तर बोलतोय. पिन राहिलीय, माझ्याकडून राहिलीय. आधी थांबवा, मग काय शिव्या घालायच्या त्या घाला!"

बाहेर इंजिनांचा आवाज चढतच गेला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मग आवाज एकदम खाली बसला.

ते जीपने गेले, इंजिनं बंद झाल्यावर विमानाखाली शिरले आणि पिन काढून आणली.

"आम्हाला पायीच पाठवणार होतात की काय?" वैमानिक खिडकीतून हसला. मग पिन बघून त्याचं हसू विरलं. "मीही तीनच मोजल्या हो. जुन्याच विमानाची सवय."

विमान गेलं, पाय मिटून, डोंगरापलीकडे. मग मुख्य अभियंता बाई आल्या. त्याही एकेकाळच्या मास्तरांच्याच विद्यार्थिनी.

"उद्यापासून गोदाम, मास्तर. माझा इलाज नाही."

"कबूल. पण मी तीन पिनांचा धडा दिलेली किती माणसं आज कामावर आहेत?"

बाई उत्तर देणार, तोच त्यांची नजर मास्तरांच्या खांद्यावरून पलीकडे गेली. दुसऱ्या एका नव्या विमानाखालून एक मेकॅनिक बाहेर येत होता. हात उंच. तीन लाल फिती.

"अरे, चार! चार!" ओरडत मास्तर पळत सुटले, आणि त्यांच्या मागोमाग बाई.