पोहोचल्याचा फोन

शामसुंदररावांची उभी हयात भिलाईच्या प्लांटमध्ये रुळांतल्या भेगा शोधण्यात गेली. रिटायर होऊन नेहरू नगरात घर बांधलं तरी सवय काही सुटली नाही. आता ते माणसांत भेगा शोधत. दुपारी ते जेवायला बसणार तोच उत्कर्षाचा फोन आला, "आई, मी पोहोचली टोरंटोले. तू जेवून घे." कालपासून निव्वळ पाण्यावर असलेल्या विजयाताईंनी देवापुढे साखर ठेवली. यांच्या कपाळाला मात्र आठी पडली.

पोरीचं विमान दिल्लीहून उडालं ते पहाटे. इतक्यात कॅनडा? अंगणात जाऊन त्यांनी मोबाइलला विचारलं. दिल्ली ते टोरंटो साडेअकरा हजार किलोमीटर, आणि थेट विमानालाही पंधराएक तास. इथे तर त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त वेळ झाला होता.

शिवाय फोनवर मागे कसली तरी घोषणा चालली होती, ती इंग्रजी नव्हती. एकदम त्यांना शुभंकर आठवला. दुर्गच्या मोहन नगरचा पोरगा, नोकरी जर्मनीत. गेल्या वर्षी त्याचं स्थळ पत्रिकेचं निमित्त करून यांनीच परत पाठवलं होतं, आणि पोरगी तेव्हा चकार शब्द बोलली नव्हती. न बोलणारी माणसं करून मोकळी होतात, असं त्यांचं पक्कं मत. मन चिंती ते वैरी न चिंती! कॅनडातल्या नोकरीचं नाव सांगून पोरगी तिकडेच उतरली, हे त्यांनी ठरवूनच टाकलं.

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. "कुठं आहेस तू? खरं सांग!"

"बाबा... फ्रँकफर्टले."

"म्हणजे जर्मनीच न! तो शुभंकर असंल बाजूले!"

"कौन शुभंकर? कमाल करून राहिले बाबा तुम्ही!" तिनं कॅमेरा फिरवला. बोर्डावर टोरंटो लिहिलं होतं, खाली खुर्च्यांवर पेंगुळलेली माणसं. "इथं विमान बदलायचं आहे. आईले नाही सांगितलं. मी पोहोचेपर्यंत ती अन्नाले शिवत नाही. बंगलोरले गेली होती तवा उपाशी राहून चक्कर येऊन पडली न? शुगर आहे तिले. म्हणून खोटं बोलली. तिले सांगू नका, प्लीज."

शामसुंदररावांना स्वतःचीच लाज वाटली. "नीट जा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आत विजयाताई ताट वाढून थांबल्या होत्या. "कोणाशी बोलून राहिले होते? पोहोचली न पोरगी?"

"पोहोचली." उभ्या नोकरीत भेग असलेला रूळ त्यांनी कधी पास केला नव्हता.

"मग तुम्ही कावून नाही जेवून राहिले?"

त्यांच्या घशाखाली काही उतरणार नव्हतं. पोरगी अजून अर्ध्या वाटेवर, पुढे सगळा समुद्र. विजयाताई हातातला घास तसाच धरून त्यांच्या तोंडाकडे संशयानं पाहत होत्या.

शामसुंदररावांनी खुर्ची ओढली, वरणभात कालवला आणि पहिला घास गिळला. मग विजयाताईंनी आपला घास तोंडात घातला.