विष्णुपंतांच्या बंदुकीला नवा धनी

दोन नळ्यांची जुनी बंदूक आहे मी, मित्रांनो, आणि स्वभावानं संशयी. जिच्याकडे लोक एकतर भिऊन पाहतात नाहीतर हावरेपणानं, तिनं कोणावर विश्वास ठेवावा, तुम्हीच सांगा.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या पोलादाच्या, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. दुकानाच्या काचेमागून मला घरी आणलं ते विष्णुपंतांनी. ते तेव्हा जबलपूरला, रांझीच्या कारखान्यात नोकरीला होते आणि जवळच्या बरेला गावात त्यांचं थोडं शेत होतं. हरभरा भरात आला की रानडुकरं शिरायची. विष्णुपंत बांधावर उभे राहून मला आभाळाकडे रोखत आणि एक बार काढत. डुकरं पळून जात. एवढंच माझं काम. मी कधी कोणाचा जीव घेतला नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. दसऱ्याला ते मला तेलाच्या फडक्यानं पुसून पाटावर ठेवत, झेंडूची फुलं वाहत. शेजारी म्हणत, "बंदूक ठेवावी तर विष्णुपंतांनी!" मग शेत विकलं गेलं, विष्णुपंतांची पत्नी वारली, आणि मी लोखंडी कपाटात जाऊन पडले. कित्येक दसरे माझी कोणाला आठवणही झाली नाही.

कपाटाच्या अंधारात ऐकण्यावाचून दुसरं काय उरतं? तिथूनच मला कळलं की विष्णुपंत बदलत चालले आहेत. चष्मा सापडला नाही की तो कोणीतरी चोरलेला असायचा. दूधवाला घराची टेहळणी करायचा. सून डबे लपवायची. ही सून म्हणजे दीपा, शाळेत शिकवणारी. तिचा नवरा अंबरीश रेल्वेत, इटारसीला. तो शनिवारीच यायचा. एकदा विष्णुपंतांनी मला बाहेर काढलं, दोन्ही नळ्यांत काडतुसं भरली आणि पुटपुटले, "आता येऊ दे कोणी."

खरं सांगू? मला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा कोणाच्या तरी कामाची झाले होते. त्यांचा संशय तो माझाही संशय झाला.

मी दीपावर पाळत ठेवली. ती फोनवर हळू आवाजात बोले. "बाबा आंघोळीला गेले की या," असं तिला म्हणताना मी ऐकलं. आणि आले कोण? कांचघर मोहल्ल्यातले भाऊराव! विष्णुपंतांचे कारखान्यातले सोबती. त्यांच्याकडे स्वतःची परवान्याची बंदूक होती, त्यामुळे हात सराईत. दीपानं कपाट उघडलं. भाऊरावांनी मला मधून वाकवून दोन्ही काडतुसं काढली, काडतुसांचा डबा दीपाच्या हाती दिला आणि मला होती तशी जागेवर ठेवली.

"आणि हिचं काय?" दीपानं विचारलं.

"कपाट रिकामं दिसलं तर तो घर डोक्यावर घेईल. पहिले त्याला समजावू," भाऊराव म्हणाले, आणि बाथरूमचं दार वाजायच्या आत निघूनही गेले.

सून चोर, आणि जिवलग मित्र तिचा साथीदार! मला ओरडता येत असतं तर मी घर उठवलं असतं.

मग ती मे महिन्यातली दुपार आली. लू, म्हणजे अंग भाजणारा वारा, सुटली होती, वीज गेलेली. मागच्या दाराची कडी वाजली आणि कोणीतरी आत शिरलं. डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळ्यांवर काळा चष्मा. उन्हात स्कूटीवरून येणारी प्रत्येक बाई जबलपूरला अशीच दिसते. पण विष्णुपंतांना दिसला तो दरोडेखोर. ते धडपडत कपाटाशी गेले, मला उचललं आणि सरळ त्या माणसाच्या छातीवर रोखलं.

"कोण आहे? थांब तिथंच!"

ती काही बोलण्याआधीच त्यांनी चाप ओढला.

खट्. एवढाच आवाज झाला.

तिनं ओढणी सोडली. "बाबा, मी आहे. दीपा हो."

विष्णुपंत तिच्याकडे पाहतच नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, डोळे बारीक करून. "काहून नाही उडाली?"

दीपानं मला त्यांच्या हातातून सोडवून घेतलं. भिंतीला टेकून ती तिथंच फरशीवर बसली. मी तिच्या मांडीवर आडवी होते. जिला मी चोर ठरवलं, तिनंच मला खुनी होण्यापासून वाचवलं होतं.

रात्रीच्या गाडीनं अंबरीश आला. काडतुसं त्यानंच, वडिलांचा परवाना दाखवून, शस्त्रांच्या दुकानात जमा केली होती, हे मला तेव्हा कळलं. "बंदूकही तेव्हाच न्यायला हवी होती," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

ही बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांचा पुतण्या श्रीरंग गाडी घेऊन हजर झाला. गोड बोलणारा माणूस. त्यानं माझ्या दस्त्यावरून हात फिरवला आणि मी त्याच्यावर खूष झाले.

"वहिनी, टेन्शन काहून घेऊन राहिल्या? आत्ता डिक्कीत टाकतो, चलो, खतम! घरचीच तर चीज आहे."

"तुमच्याकडे परवाना आहे का, भैया?" दीपानं विचारलं.

"काढू ना पुढे. घरातल्या घरात कोण विचारून राहिलं?"

"मग नाही. परवाना बाबांचा आहे. उद्या हिनं काही झालं तर बाबा अडकतील, तुम्हीही अडकाल. आणि तुम्ही ही पुढे कोणाला दिली, ते आम्हाला कधी कळणारसुद्धा नाही."

श्रीरंगचा हात माझ्यावरून झटकन निघाला. तो चहासाठीही थांबला नाही. तेव्हा मलाही वाटलं, हा मला नक्की कोणासाठी नेत होता?

एका सकाळी विष्णुपंतांचं डोकं जरा स्वच्छ होतं. दीपा त्यांच्याजवळ बसली आणि तिनं त्या दुपारचं सगळं सांगितलं.

"तोंड बांधलेली ती... तू होतीस?"

"हो, बाबा."

त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "भाऊरावला देऊन टाक."

पण द्यायची म्हणजे उचलून द्यायची नसते, मित्रांनो. सिव्हिल लाइन्समधल्या कलेक्टर कचेरीत अर्ज गेला. पोलिसांना लेखी कळवलं. ठाण्यातून एक शिपाई येऊन दोन्ही घरी चौकशी करून गेला. परवानगी येईपर्यंत मी विष्णुपंतांच्याच नावावर, त्या शस्त्रांच्या दुकानात जमा होते. पावसाळा तिथंच गेला. अनोळखी बंदुकांच्या रांगेत उभी राहून मी पुन्हा संशयानं कुढत होते. भाऊरावांकडे एक बंदूक असताना त्यांना माझी हाव कशाला?

परवानगी आली त्या दिवशी सगळे दुकानात जमले. विष्णुपंतांच्या परवान्यावरून माझा नंबर कमी झाला, भाऊरावांच्या परवान्यावर चढला. दुकानदार म्हणाला, "बधाई हो, दादा!"

"बधाई कसली, जी?" भाऊराव म्हणाले. "मला एकच पुष्कळ होती. पण विष्णूला ही परक्याच्या हाती द्यायची नव्हती."

विष्णुपंतांनी भाऊरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ओळख पटली की नाही, कोण जाणे. ते कडक आवाजात म्हणाले, "नीट ठेवाल ना? कोणाच्या हातात देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका."

आणि खरंच, दिवाळीनंतर ते कांचघरला आले आणि मला मागू लागले. भाऊरावांनी कपाटाची किल्ली खिशात घातली. "नाही देत, विष्णू. तूच सांगितलं होतंस."

"चोर आहेस तू!" विष्णुपंत ओरडले. दीपानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. चहा गाळून भाऊरावांनी पहिला कप विष्णुपंतांपुढे ठेवला. जरा वेळानं विष्णुपंतांनी तो उचलला.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल, तर तिला हात लावू नका. आणि मोठ्यांना सांगा, तिला धरणारे हात थकले असतील तर वाट पाहू नका. तिला रीतसर, कायद्यानं, योग्य माणसाकडे सोपवा. मी आता कुलपात आहे, रिकामी आहे. बाहेर दोन म्हातारे कुठल्याशा जुन्या गोष्टीवरून भांडताहेत. भांडू देत.