वाट्याची खोट

वरकुट्याच्या एका धनगर घराण्यात वाटणीची एक जुनी रीत होती. थोरल्याने दोन वाटे करायचे आणि धाकट्याने आधी निवडायचे. मात्र निवडीपूर्वी थोरल्याने बिरोबाचा भंडारा हातात घेऊन प्रत्येक वाट्याची खोट बोलून दाखवायची. काही वर्षांपूर्वी थोरल्या रामने ही रीत तंतोतंत पाळली होती. एका वाट्यातल्या जमिनीचा खालचा तुकडा चोपण, म्हणजे खारावलेला आहे, विहीर चैत्रात तळ गाठते, असे त्याने सांगितले. दुसऱ्या वाट्यात पिंपळी गावातली शेड आणि त्यातली माडग्याळ जातीची मेंढरे होती. त्यांतला एक मेंढा लंगडतो, शेडचे पत्रे गळतात, हेही त्याने सांगितले. धाकट्या बिरदेवने मेंढरे निवडली. "दादानं लंगडा मेंढासुदिक लपवला न्हाय," असे तो पुढे कौतुकाने गावभर सांगत राहिला.

म्हणूनच बारामतीला करसल्लागार इराताईंच्या टेबलावर आयकराची नोटीस ठेवताना, ती चुकून आली आहे याविषयी त्याला शंका नव्हती.

"ताई, आमी शेतकरी माणसं. शेतीला कुठं कर असतुया?"

"शेतीच्या उत्पन्नावर कर लावायचा की नाही, हे राज्यानं ठरवायचं. घटनेनंच तशी वाटणी केली आहे. आपल्या राज्यानं तो लावलेला नाही आणि केंद्राला तिथं हात घालता येत नाही. पण मेंढ्या पाळून विकणं ही कायद्याच्या लेखी शेती नाही. तो धंदा, आणि धंद्याचं उत्पन्न केंद्राच्या वाट्याचं."

बिरदेव हसला. "म्हंजी मुंबईनं आन दिल्लीनंबी वाटं केलं म्हणा की. आन माजी मेंढरं दिल्लीच्या दावणीला."

"अगदी तसंच." बोलता बोलता इराताई थबकल्या. "पण बिरदेवराव, हे धरूनच तुम्ही मेंढरं घेतली असतील ना? वाटणीच्या आधी रामभाऊ येऊन सगळं विचारून गेले होते. मी दोनदा समजावलं. धाकट्याच्या कानावर घालतो, म्हणाले."

बिरदेवने नोटीस घडी करून खिशात घातली. कर भरायचा तर निम्मी मेंढरे बाजारात न्यावी लागणार होती. परंतु वरकुट्याच्या वाटेवर गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांपुढे मेंढरे नव्हती. भंडाऱ्याने पिवळा झालेला भावाचा तळहात होता.

राम डाळिंबाची छाटणी करीत होता. त्याची बायको सारजा बांधावर चहा घेऊन आली होती.

"दादा, मेंढरांवर कर बसतुया, ह्ये तुला ठावं व्हतं?"

रामची कात्री थांबली नाही. "कानावर व्हतं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"खोट मेंढरात असती तर सांगितली असती. ती कायद्यात हाय. आन वाटं मी केलं, पर निवडलं तू."

"लंगडा मेंढा सांगाया बरं तोंड फुटलं व्हतं," सारजा कपात चहा ओतत म्हणाली. "घ्या भावजी."

"तू गप गं. उभा जलम मेंढरामागं गेला माजा. मला उबग आलता. जमीन हातची गेली असती तर?" फांदी छाटून त्याने बाजूला टाकली. "बरं, हितंच मिटवू. वड्याकाठचा तुकडा तुला घे. पान्याची ददात न्हाय."

बिरदेवने ओढ्याकडे पाहिले. तुकडा हिरवागार होता. कालची गोष्ट असती तर त्याने तिथेच भावाच्या पायांवर डोके ठेवले असते.

"त्याची खोट काय?"

"काय बी न्हाय."

"उद्या तलाठ्याला इचारून घेतो."

आता मात्र कात्री थांबली. धाकटा आपला शब्द पारखून घेईल, हे रामला कधी सुचलेच नव्हते. तो जवळ आला. आवाज खाली आला.

"भंडारा घिऊन सांगू का?"

"नगं," बिरदेव म्हणाला. "मागल्या बारीला घेतलाच व्हता की." आणि चहा तसाच ठेवून तो गाडीकडे वळला.