तांब्याचं कुंपण

माझ्या सासऱ्यांचा जन्म वायरिंगमध्ये गेला. त्यामुळे कुठल्याही संकटावर त्यांच्याकडे एकच उपाय असतो, तार. गोगलगायींवरही त्यांनी शेवटी तोच काढला.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. जाण्याआधी घेवड्याचं बी वाळवून त्यांनी बाटलीत भरून ठेवलं होतं. दरवर्षी आपल्याच वेलाचं बी राखायचं, हा त्यांचा नेम. यंदा सासऱ्यांनी ते मागच्या अंगणातल्या वाफ्यात टाकलं. कोंब वर आले आणि सकाळी बघावं तर नुसते देठ, मातीवर चकचकीत चिकट रेघा. पुन्हा पेरलं, पुन्हा तेच. बाटलीत आता जेमतेम मूठभर बी उरलं होतं. ते गेलं की सासूबाईंच्या हातचं काहीच राहणार नव्हतं, आणि हे आम्हा दोघांनाही न बोलता कळत होतं.

सासरे पेटून उठले. आधी राख पसरली, ती दवाने भिजली. मग अंड्यांची टरफलं, त्यांवरून गोगलगायी खुशाल चालत गेल्या. शेवटी जुन्या केबली सोलून तांब्याच्या तारेचा चांगला चार बोटं रुंद पट्टा विणला आणि वाफ्याभोवती फिरवला. तांबं गोगलगायीच्या अंगाला सोसत नाही म्हणे. काम देखणं झालं होतं, कुठे फट नाही. उरलेलं सगळं बी पेरून ते म्हणाले, आता येऊ देत.

कोंब वर आले आणि पहिल्याच सकाळी त्यातले काही गायब.

सगळा राग शेजारच्या शिंप्यावर निघाला. त्याच्या भिंतीवर वेल माजलाय, गोगलगायी तिथूनच येतात, आणि तोही बोलायला गोड, पण गोगलगाय अन् पोटात पाय, असं बरंच काही मी ऐकून घेतलं. शिंप्याने बिचाऱ्याने वेल छाटूनही टाकला. कोंब जातच राहिले.

मग माझं डोकं चाललं. कुंपण धड आहे तर चोर आतच असणार, एवढं साधं होतं. वाफ्याच्या मधोमध एक लाकडी फळी होती. निंदताना सासूबाई तिच्यावर बसायच्या. त्या दवाखान्यात गेल्या त्या दिवशी होती तिथेच ती पडून होती, सासऱ्यांनी पेरलं तेसुद्धा तिच्या कडेकडेने. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. मी फळीला हात घातला.

"राहू दे ती," ते म्हणाले. "तिची जागा आहे."

"बाबा, गोगलगायींना दिवसा ओल लागते, सावली लागते. फळी ठेवायची की घेवडा, तुम्हीच ठरवा."

बोलले आणि माझं मलाच वाईट वाटलं. मग वाकून त्यांनी स्वतःच फळी उलटली. खाली लहानमोठ्या गोगलगायी दाटीवाटीने चिकटलेल्या, काही शंखाच्या, काही बिनशंखाच्या, आणि मातीत पांढऱ्या मण्यांसारखी अंडी. इतके दिवस आम्ही त्यांना आत कोंडून पोसत होतो. सासऱ्यांनी एकेक वेचून डब्यात टाकली, माती उकरून अंडी काढली, फळी खरवडून धुतली. वाफ्यात थोडे कोंब अजून उभे होते.

धुतलेली फळी त्यांनी कुंपणाबाहेर ठेवली आणि जरा वेळाने तिच्यावर बसले. बसताना कण्हले.

"फार खाली आहे गं ही. तिचे गुडघे दुखत असतील. कधी बोलली नाही."

मला रोज सांगायच्या. ते काही मी त्यांना सांगितलं नाही. आत जाऊन चहा ठेवला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा ते फळीखाली दोन्ही बाजूंनी विटा लावत होते.