अखाजीच्या शिव्या

अक्कांना त्या बेटावर न्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पिंप्राळ्याहून रिक्षा, मग बस, मग बोट, आणि सगळा वेळ शेजारी सासू. पण अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिथेच जायचं हा अक्कांचा हट्ट, आणि नवऱ्याने संधी साधून एक काम माझ्या गळ्यात मारलं होतं. पुढच्या महिन्यापासून त्यांनी फैजपूरला थोरल्या लेकाकडे राहायचं, हे मी त्यांना गोडीत सांगायचं. थोरल्याशी त्या कित्येक वर्षं बोललेल्या नाहीत. स्वतःची हिंमत नसली की बायकोला पुढे करायचं, ही यांच्या घराण्याची रीतच आहे.

धरणाच्या पाण्यात अक्कांचं गाव बुडालं, टेकाड तेवढं वर राहिलं. तेच हे बेट. आता तिथे बाहेरून आणून टाकलेली वाळू, चार बाकं आणि 'चौपाटी उद्यान' अशी कमान. माणूस एक नाही. फलकावर लिहिलं होतं, की अखाजीला दोन्ही काठांच्या माहेरवाशिणी इथे गौराईची मधुर गाणी गात. मी ते मोठ्याने वाचलं आणि पस्तावले.

"खोटं शे बठ्ठं," अक्का कडाडल्या. "आम्ही शिव्या देत व्हतूत."

गौराई बुडवायला आलेल्या दोन गावांच्या बाया दोन काठांवरून एकमेकींचा उद्धार करायच्या. जी गप्प बसेल तिचं गाव हरलं.

अक्का पाण्यात घोटाभर उतरल्या आणि पलीकडच्या काठाला त्यांनी अशा काही शिव्या घातल्या की माझे कान तापले. पलीकडे नुसत्या बाभळी. ते गावही कधीच उठलेलं. तरी त्या कानाशी हात धरून थांबल्या. मला त्यांची कीव आली आणि कीव आली याचा रागही आला.

"तू तठे जाय," त्यांनी वाळूचं दुसरं टोक दाखवलं. "तथाईन जवाब दे."

"मला शिव्या येत नाहीत."

"रोज मनमां देस ना माले? त्या दे."

मी गेले. अक्कांनी सुरुवात केली, "तुनी आमटी कुत्रं भी खात नही!"

मग मीही सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अगंतुगं केलं. तुझ्या घोरण्याने गल्ली जागी राहते. पाहुणा आला की तू माझं माहेर काढतेस. त्या हसत होत्या, परत देत होत्या, आणि मला जोर चढत गेला.

"तू आम्हांला नको झालीस! पुढच्या महिन्यात तुला फैजपूरला टाकणार आहोत!"

त्या गप्प झाल्या. मग पदर पिळला.

"तू जितनी," शेवटी म्हणाल्या.

बोटीत मी तोंड उघडलं. "अक्का, ते फैजपूरचं..."

"नदीवरनं बोलनं घर लई जानं नही. ती शिवी व्हती." त्या पाण्याकडेच बघत होत्या. "सांगानं व्हई त माना पोऱ्या सांगी. माना म्होरे उभा ऱ्हाईसन."

तेव्हा कळलं, म्हातारीला सगळं आधीच ठाऊक होतं. भयंकर संताप आला. कुणाचा, ते घरी पोहोचेपर्यंत ठरेना.

दार उघडून नवऱ्याने मला डोळ्यांनीच विचारलं. मी सरळ स्वयंपाकघरात गेले. अक्का त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"बोल," त्या म्हणाल्या.

त्याने उभ्याउभ्याच पंखा वाढवला. मग म्हणाला, "ऊन फार होतं का गं, अक्का?"