मिटल्या तोंडाचा पाहुणा

धम्मरत्नच्या तोंडात एकूण अठ्ठावीस दात होते. वर चौदा, खाली चौदा. अक्कलदाढा अजून यायच्या होत्या. वरच्या पुढच्या सहा दातांपैकी चारांवर आडवे तपकिरी पट्टे होते आणि मधल्या दोन दातांमध्ये दीड मिलिमीटरची फट होती. फट त्यानं स्वतःच मोजली होती. वणीतल्या एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो सहायक होता. एका रिकाम्या तासाला आरसा आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन बसला आणि आकडा हाती लागल्यावरच उठला.

पट्ट्यांचं कारण पाणी होतं. केळापूर तालुक्यातल्या ज्या खेड्यात त्याचं बालपण गेलं, तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच ते पाणी पोटात गेलं आणि दात रंग घेऊनच बाहेर आले. पण हे कोणाकोणाला सांगत बसणार? तपकिरी दात दिसले की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरणारे प्रत्येक पानठेल्यावर उभेच असतात. धम्मरत्ननं खर्ऱ्याला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी कोणाला तसं वाटू नये म्हणून तो ओठ मिटूनच बोलायचा. हसू आलंच तर नाकातून सोडून द्यायचा.

नेमकं तेच त्याच्या अंगाशी आलं.

मुकुटबनला तो आईसोबत मुलगी पाहायला गेला. मुलगी दीपमाला, शाळेत शिक्षिका. दोघं आधी फोनवर बोललेली, एकमेकांना पसंत. प्रश्न होता तिच्या वडिलांचा. उकंडाजींनी तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली. खिडकीतून उडणाऱ्या पिचकाऱ्यांशी त्यांचं जुनं वैर, त्यात धाकटा भाऊ खर्ऱ्यापायीच गेलेला.

"नोकरी पक्की हाय न?" त्यांनी विचारलं.

"हूं."

"वणीतच राहाचं?"

"हूं हूं."

उकंडाजींनी चहाचा कप खाली ठेवला. गालात खर्रा धरलेला माणूस अस्साच बोलतो. ओठ बंद, हनुवटी वर.

"पाव्हणे, मागं मोरी हाय. थुकून या, मंग बोलू."

धम्मरत्नची आई पंचफुला उसळलीच. "माह्या पोरानं खर्रा हातात नाई धरला कधी, भाऊ!"

"मंग तोंड उघडाले काय होते?"

"नाही हो, मी..." असं म्हणायला धम्मरत्ननं तोंड उघडलं आणि चारही पट्टे उजेडात आले.

"घ्या," उकंडाजी म्हणाले. "शिक्काच मारला हाय."

संध्याकाळी दीपमालाचा फोन आला. "माह्या वर्गातल्या निम्म्या पोरायचे दात तसेच हायेत. मले समजते, पण बाबाले नाई समजत. लय भांडली मी, तवा कुठं एक डाव अजून पाहतो म्हणाले. पुढच्या महिन्यात येतीन ते तुमच्या घरी. तवा बोलसान न नीट?"

"हूं."

"आता फोनवर कोण पाहून राह्यलं तुम्हाले?" ती म्हणाली आणि खळखळून हसली. त्या हसण्यासाठी काय वाटेल ते करायची धम्मरत्नची तयारी झाली.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टर ममता यांच्या दवाखान्यात खुर्चीवर पडला होता. वणीत दातांचं सौंदर्योपचाराचं काम त्याच करत.

"हा खर्रा नाही," त्या लगेच म्हणाल्या. "खर्ऱ्याचा डाग दातावर वरून बसतो, हिरडीजवळ आणि आतल्या बाजूनं. तुमचे पट्टे दाताच्या आवरणात आहेत. डावीकडे जसे, उजवीकडे तसेच. दोन्हीकडचे दात एकाच वयात घडले ना!"

"निघतील?"

"वरचा केसाएवढा थर औषध लावून घासायचा. बहुतेक रंग त्यात जाईल. उरलेल्यावर दाताच्याच रंगाचा पातळ लेप चढवू. दोन-तीन बैठका लागतील."

धम्मरत्ननं रंगांच्या नमुनापट्टीतल्या सगळ्यात पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. "हा द्या."

"बाथरूमच्या टाइल्स बसवायच्यात का? डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे झाले, तर समोरचा तुमच्या दातांशीच बोलत बसेल." त्यांनी त्याच्या हातात आरसा दिला. "हसणं छान दिसतं ते नुसत्या रंगानं नाही. वरच्या दातांच्या कडा खालच्या ओठाच्या वळणानं गेल्या पाहिजेत. तुमच्या जातात. हिरड्या फार दिसू नयेत. तुमच्या दिसत नाहीत. आणि डोळे बारीक झाले पाहिजेत. ते मला करता येत नाही. बरं, फटीचं काय करू? बुजवता येते."

धम्मरत्न आरशात बघत राहिला. अशीच फट पंचफुलाच्या दातांत होती. ती हसली की सगळ्यात आधी तीच दिसायची.

"राहू द्या," तो म्हणाला.

तिसऱ्या बैठकीनंतर पट्टे गेले. दात पांढरेफेक नव्हते, ताज्या दुधाच्या सायीसारखे होते. "माझं काम झालं," डॉक्टर ममता म्हणाल्या. "ओठ उघडायचं तुमच्याकडे."

आणि घोळ झाला तो तिथंच.

ठरल्याप्रमाणे उकंडाजी दीपमालाला घेऊन वणीला आले. जय भीम झाला, पाणी झालं.

"कसं काय, बरं हाय न?" त्यांनी विचारलं.

"हूं," धम्मरत्न म्हणाला.

पंचफुलानं कपाळावर हात मारला. दीपमालानं डोळे मिटले. सवय पार हाडात गेलेली! उकंडाजी उठले, पण दाराकडे न जाता थेट त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"तीन बोटं घाल तोंडात. उभी, एकावर एक."

"आँ?"

"माह्या भावाचं तोंड शेवटी एका बोटाएवढंबी उघडत नव्हतं. खर्रा गाल आखडून टाकते. घाल."

धम्मरत्ननं आ केला. तीन बोटं आरामात आत गेली. उकंडाजी वाकून, मान तिरपी करून पाहू लागले, जणू कोणी तिकीट लपवलं आहे.

"चौथंबी घालून दाखव रे!" पंचफुला ओरडली. "व्याह्याच्या मनात काई राहाले नाई पायजे!"

"व्याही कोण?" उकंडाजी दचकून वळले. "मी अजून कुठं हो म्हटलं?"

"तोंडात पाहून राह्यले तं घरातलेच झाले न!"

आधी दीपमाला फुटली. मग धम्मरत्न. बोटं तोंडातून निघायच्या आतच हसू आलं. नाकातून सोडायची सोय नव्हती, ते सगळंच्या सगळं पुढून बाहेर पडलं. डोळे बारीक झाले, खांदे हलायला लागले.

उकंडाजी त्याच्याकडे बघतच राहिले. "दात तं चांगले झाले की लेकाचे! मंग आता कायले झाकून राह्यला, बाप्पा?" आणि पंचफुलाकडे वळून म्हणाले, "चाय टाका, विहीणबाई. साखर पडू द्या जराशी जास्त."

गडबडीत दीपमालानं मोबाइलवर फोटो काढला होता. दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या रिकाम्या तासाला धम्मरत्ननं तो मोठा करून पाहिला आणि दात मोजले. मग आरसा आणि कॅलिपर काढला.

फोटोत दिसणारे दात : वरचे दहा, खालचे चार. पट्टे : शून्य. फट : दीड मिलिमीटर.