खिशातली पट्टी

“झाकण कधी लावणार, तवाले?” विलीमोनेने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची ओढून तो टेबलाशी बसला. टेबलावर एक संगणक आडवा पडला होता, एका कुशीने उघडा.

“पूर्ण झाला की लावीन,” साकिउसा म्हणाला.

“सहा वर्षं हेच ऐकतोय. तुझ्या घरात पूर्ण झालेला कॉम्प्युटर मी कधी बघितला नाही आणि अख्ख्या सुवा शहरात तुझेच कॉम्प्युटर चालतायत. दाराबाहेर पडल्यावर ते आपोआप पूर्ण होतात का?”

“गिऱ्हाइकाच्या नशिबाने होतात.”

“आणि माझं नशीब?”

“ते तुझ्या तोंडासारखंच आहे. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.”

चुलीपाशी मेरेओनी तोंडावर पदर धरावा तसा हात धरून हसली. साकिउसा तिचा नवरा आणि विलीमोने त्याचा सख्खा मामेभाऊ, तिथल्या बोलीत ‘तवाले’. आतेभावाने मामेभावाची टिंगल करायची आणि मामेभावाने ती सव्याज परत करायची, हा तिथे नात्याचा धर्मच होता. ती ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी काही तरी बिनसले असे समजावे.

साकिउसाच्या सदऱ्याच्या खिशात त्या वेळी बोटभर लांबीची मेमरीची पट्टी होती. ती बसवली की संगणक पूर्ण होणार होता आणि म्हणूनच ती बसवलेली नव्हती.

यामागे भित्रेपणा नव्हता, अनुभव होता. आप्ताने एखादी वस्तू पाहावी, “केरेकेरे”, म्हणजे ‘देतोस ना’, म्हणावे आणि धन्याने ती हसतमुखाने उचलून द्यावी, ही त्या बेटांची रीत. त्या रीतीत कोणी उपाशी मरत नाही आणि कोणाचे दुकानही चालत नाही. साकिउसाने बांधलेला पहिला संगणक काकांनी नेला, दुसरा चर्चने, तिसरा एका भाच्याने. भाच्याला संगणक चालू कुठे करायचा हे ठाऊक नव्हते; मागायचा कसा हे मात्र पक्के ठाऊक होते. तेव्हा साकिउसाच्या लक्षात आले की लोक पूर्ण वस्तू मागतात, अर्धवट वस्तू कोणी मागत नाही. त्या दिवसापासून प्रत्येक यंत्राची शेवटची पट्टी गिऱ्हाईक दारात येईपर्यंत त्याच्या खिशात राहू लागली. नकार द्यायचा नाही आणि धंदाही बुडू द्यायचा नाही, यावर इतका सभ्य उपाय कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाला सुचला असेल असे वाटत नाही.

आणि धंदा चालला. सावुसावूच्या खोबरे-व्यापाऱ्याला खाऱ्या वाऱ्यात टिकणारा संगणक हवा होता. साकिउसाने त्याच्या हवेच्या फटींना मच्छरदाणीचे कापड लावले, त्यामुळे पालींची अंडीही बाहेर राहिली. पाद्री एरोनी प्रवचने ध्वनिमुद्रित करीत. त्यांना पंख्याचा आवाज नको होता. बा गावच्या रामरतीबाईंना दृष्टी अधू म्हणून अक्षरे मोठी हवी होती आणि कपाटाखाली मावेल एवढेच यंत्र हवे होते. दुकानात मिळणारा संगणक सगळ्यांना सारखाच बसे, म्हणजे कोणालाच नीट बसत नसे. साकिउसाचा संगणक माणसाचे माप घेऊन शिवलेला असे. त्या कमाईवर पत्र्याच्या घराला विटांच्या भिंती आल्या आणि मुलगी लितिया परिचारिका होऊन लाउतोकाला नोकरीस लागली.

मग नोकरी कशाला करतोस, असे लोक विचारत. नोकरीच्या तिप्पट तर हा जोडधंदा देतो. साकिउसा म्हणे, “चौकट तिथे आहे ना.”

नोकरी होती द्वीपविद्या संस्थेच्या ग्रंथालयात, बांधणी विभागात. एकतीस वर्षांपूर्वी रोटुमाच्या म्हाताऱ्या माउसिओने त्याला तिथे जुजबंदी, म्हणजे पाने शिवून पुस्तक बांधणे, शिकवले. शिवणचौकट त्याच म्हाताऱ्याची: खाली जाड फळी, दोन्ही टोकांना लाकडी आटे पाडलेले खांब, वर आडवी दांडी. दांडीपासून फळीपर्यंत दोऱ्या ताणायच्या, खाली पितळी चाव्यांनी त्या अडकवायच्या आणि मग एकेक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, त्या दोऱ्यांना शिवत जायचा. दुपारच्या सुट्टीत साकिउसा त्याच चौकटीवर संगणकाच्या तारा ताणून धरी, विंचरल्यासारख्या सरळ करी आणि मेण लावलेल्या दोऱ्याने टाका घालून बांधी. पुस्तकाच्या पाठीला असतो तोच टाका. आत कोणी पाहणार नसे. माउसिओ म्हणे, “बाहेरचं गिऱ्हाइकासाठी, आतलं आपल्यासाठी.” यंत्र पहिल्यांदा सुरू झाले की साकिउसा हलक्या आवाजात “विनाका” म्हणे. हे आभार यंत्राला नसत.

त्या वर्षी संस्थेला नवे ग्रंथपाल लाभले, डॉ. टिलब्रुक. ते अत्यंत सभ्य गृहस्थ होते. हे नमूद करायला हवे, कारण अशी कामे बहुधा सभ्य गृहस्थांच्याच हातून पार पडतात. ग्रंथसंग्रहाची छायाचित्रे संगणकात साठवली गेली आहेत, तेव्हा शिवलेल्या पुस्तकांची निकड उरलेली नाही, असे त्यांनी एका सभेत पडद्यावर चित्रे दाखवून सिद्ध केले. पुस्तके गिळणारी ती यंत्रे साकिउसानेच बांधलेली होती. मागच्या बाकावर बसून त्याने पाहिले की चित्रे एकदाही अडखळली नाहीत, आणि त्याला बरे वाटले.

बांधणी विभाग महिनाअखेरीस बंद होणार होता. शुक्रवारी निरोपाचे जेवण. खोलीतले सामान ‘निरुपयोगी काष्ठसाहित्य’ या नावाने यादीत गेले होते. ज्यांनी आयुष्यात एक फर्मा शिवला नाही त्यांनी शिवणचौकटीची जात ठरवावी, यात नवे काही नाही. ग्रंथालयांचा इतिहास बव्हंशी असाच लिहिला गेला आहे.

साकिउसाने आयुष्यात कधी कोणाकडे काही मागितले नव्हते. ज्याला नकार चुकवायचा असतो त्याला मागण्याचीही चोरी होते. पण चौकट त्याला हवी होती. तो डॉ. टिलब्रुकांपुढे जाऊन उभा राहिला. त्यांनी आस्थेने ऐकून घेतले आणि अर्जाचा नमुना दिला. तीन प्रती.

“कागदावर कोण मागतं?” मेरेओनी म्हणाली. “खोलीची किल्ली कोणाकडे आहे? विलीमोनेकडे. त्याला एक शब्द टाक. संध्याकाळी घरात आणून ठेवील.”

विलीमोने संस्थेच्या आवाराचा मुकादम होता. साफसफाई, फाटक, किल्ल्या सगळे त्याच्या हाती. साकिउसा खिशातली पट्टी चाचपू लागला.

“काय झालं?”

“त्याच्याकडे मागितलं, की त्याने मागितलेलं द्यावं लागेल.” त्याने उघड्या संगणकाकडे मान वळवली. “हा पाद्री एरोनींचा आहे.”

मेरेओनीने एकदा त्याच्या खिशाकडे पाहिले आणि भांडी आवरायला घेतली.

बुधवारी विलीमोने बांधणी विभागाच्या दारात येऊन उभा राहिला. “शुक्रवारी दुपारच्या आत खोली रिकामी करायला सांगितलंय. यातलं काही पाहिजे का तुला? आत्ता बोल, नाही तर आयुष्यभर रडशील. रडताना तू फार वाईट दिसतोस.”

साकिउसाचा हात चौकटीच्या दांडीवर होता. अर्ज आत गेलेला होता. कागद आपले काम करील, असे त्याला वाटले. किंवा तसे वाटून घेणे त्याला सोयीचे होते.

“नाही,” तो म्हणाला. “काही नको.”

निरोपाचे जेवण झकास झाले. मागच्या अंगणात खड्डा खणून, दगड तापवून, केळीच्या पानांत गुंडाळलेले मासे, डुक्कर आणि दालोचे कंद पुरले होते. आठवडाभर पाऊस होता तरी दगड असे तापले होते की कंद आतल्या गाभ्यापर्यंत लोण्यासारखे शिजले. डॉ. टिलब्रुकांनी परंपरेवर भाषण केले. मग साकिउसा उठला. त्याने संस्थेचे आभार मानले, कारण तिने त्याच्या हातांना काम दिले. माउसिओचे मानले, कारण त्याने हातांना शहाणपण दिले. शेवटी स्वयंपाक करणाऱ्यांचे मानले आणि म्हणाला की असा दालो आपण जन्मात खाल्लेला नाही. यातला एकही शब्द औपचारिक नव्हता. विलीमोने खड्ड्याच्या कडेने ओरडला, “मग दोन घरी ने, रडताना तोंडात घालायला.” सगळे हसले.

सोमवारी पत्र आले. साकिउसाच्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन सदर काष्ठवस्तू त्याला विनामूल्य देण्यास मंजुरी मिळाली होती. सात दिवसांच्या आत उचलावी. खाली सही ठसठशीत होती.

तो ढकलगाडी घेऊनच गेला. फाटकावर विलीमोनेला त्याने पत्र दाखवले आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने सांगितले, “ती शिवायची चौकट रे. माउसिओची. माझ्या तारा मी तिच्यावरच बांधायचो.”

विलीमोनेने पत्र दोनदा वाचले. मग घडी घालून परत दिले.

“खोली रिकामी आहे,” तो म्हणाला. “तू घरी जा. मी बघतो.”

त्यात टोमणा नव्हता. रिकामी ढकलगाडी ढकलत परतताना साकिउसाला सबंध रस्ता तेवढेच जाणवत राहिले.

संध्याकाळी, दिवे लागण्याआधी, विलीमोने आला. खुर्चीकडे गेला नाही. दाराजवळच्या चटईवर, सगळ्यांत खालच्या जागी, तो मांडी घालून बसला. अंगावर इस्त्रीचा सदरा होता. पुढ्यात त्याने यांगोनाच्या, जिचे पेय करून पितात त्या झाडाच्या, मुळांची जुडी ठेवली, तिच्यावर दोन्ही हात टेकवले आणि मान खाली घातली. मेरेओनी चुलीपासून उठून नवऱ्याच्या मागे येऊन बसली.

“या घराच्या धन्यासमोर मी बसलोय,” विलीमोने म्हणाला. इतका सावकाश तो कधी बोलला नव्हता. “हे मूळ लहान आहे. चूक मोठी आहे. सगळं लाकूड भिजलं होतं आणि शुक्रवारचा दगड तापत नव्हता. खोलीतलं सामान मागे टाकलेलं होतं. त्यात कोरडं, जुनं लाकूड होतं. मी कुऱ्हाड मागवली. घाव माझ्या हाताने घातले. मला ठाऊक नव्हतं, पण हात माझेच होते.”

त्याने खिशातून रुमाल काढून जुडीशेजारी उलगडला. आत शिवणचौकटीच्या पाच पितळी चाव्या होत्या, काळ्या पडलेल्या, एक जरा वाकलेली.

“आज दगड उपसून राखेत शोधल्या. एवढ्याच मिळाल्या.”

मग साकिउसाने पुढे वाकून जुडीला हात लावला आणि ओंजळीच्या तीन खोल टाळ्या वाजवल्या. चूक स्वीकारली गेली होती. आता ती कोणाचीच नव्हती.

विलीमोनेने मान वर केली. “मी विचारलं होतं तुला. दारात उभं राहून विचारलं होतं. का नाही मागितलीस?”

साकिउसाने उत्तर शोधले. ते अवघड नव्हते. ते सहा वर्षे त्याच्या खिशातच होते. त्याने पट्टी बाहेर काढली, टेबलाशी गेला आणि ती जागेवर दाबली. खट्ट असा आवाज झाला. आतल्या तारा सरळ, चौकटीवर बांधलेल्या शेवटच्या तारा, प्रत्येक बोटभर अंतरावर मेणकट टाका. यंत्र सुरू झाले. “विनाका,” तो हळू म्हणाला. मग झाकण लावून त्याने चारही स्क्रू आवळले. विलीमोनेच्या देखत या घरात हे पहिल्यांदाच घडत होते.

“ने,” तो म्हणाला.

“हा पाद्रीबाबांचा आहे.”

“त्यांना मी सांगीन. ते देवाची वाट बघतात, माझीही बघतील.”

विलीमोने उठला, पण टेबलाजवळ येईना. त्याचे डोळे भरले होते आणि तो खरोखरच वाईट दिसत होता. साकिउसाने संगणक उचलून त्याच्या हातांत दिला.

“दालो मात्र चांगला शिजला होता,” तो म्हणाला.

विलीमोनेने नाक ओढले. त्याने यंत्र छातीशी धरले.

“मीठ कमी होतं,” तो म्हणाला. “तुला चव कधी होती?”

मेरेओनी यांगोनाचे भांडे आणायला उठली. साकिउसाने रुमालातल्या चाव्या एकेक उचलून पुसल्या आणि रिकाम्या झालेल्या खिशात टाकल्या. त्यांच्या वजनाने सदरा एका बाजूला जरासा ओढला गेला.